आजोबांच्या श्राद्धाचं पीच

सोल,
३ जून २०२४

ओकबुन आत्या,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारचे भिंतीवर थापा मारतात, म्हणून पत्रच लिहिते. सोबत अख्खी कादंबरी पाठवली आहे. अक्षर मोठं करून घेतलंय. सगळी वाचायला वेळ नसेल तर सातवं प्रकरण तेवढं आधी वाचा, कारण ते आपल्या घरचं आहे. पंधरा जुलैपर्यंत शेवटचा खर्डा संपादिकेच्या हातात पडायला हवा. एकदा छापून झालं, की तुम्ही रागावून उपयोग नाही.

प्रकरणात काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे नंतर "मला अंधारात ठेवलंस" म्हणायला नको. पन्नास सालच्या उन्हाळ्यात, युद्ध पेटल्यावर, आजोबा पाठीवर ओझ्याची लाकडी चौकट बांधून सैन्याचे तोफगोळे डोंगरावर चढवायला गेले आणि परत आले नाहीत. मेल्याचा दिवस कुणालाच माहीत नाही. म्हणून ज्या दिवशी घरातून निघाले तीच तिथी धरून आजीने त्यांचं श्राद्ध सुरू केलं. इथपर्यंत सगळं जसंच्या तसं आहे.

मग येतं आपलं पीच. पीच ठेवलं की पितर उंबरा ओलांडत नाहीत, म्हणून श्राद्धाच्या चौरंगावर ते कुणीही ठेवत नाही. आपल्या घरी मात्र दरवर्षी असतं, आणि तेही पुढच्या रांगेत, मधोमध. शाळेत असताना माझ्या मैत्रिणीच्या आईने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला होता. मी तुमचीच गोष्ट लिहिली आहे: आजोबांना पीच इतकं आवडायचं की त्यांच्यासाठी आजीने रीत मोडली. कादंबरीतली सगळ्यात गोड पानं तीच झाली आहेत, असं संपादिका म्हणते.

एक प्रसंग मी माझ्या मनाने घातला आहे. त्या प्रकरणाच्या चौदाव्या पानावर आजोबा श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी जिवंतच घरी येतात आणि स्वतःच्याच श्राद्धाचं उरलेलं जेवतात. वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून. गंमत आहे, मनाला लावून घेऊ नका.

बाबांनी कादंबरीसाठी नवा चष्मा केला आहे. मी त्यांना सांगितलंय, आधी आत्या, मग तुम्ही. आणि एक विचारायचं राहिलं, ते पीच कुठलं असायचं? पांढऱ्या गराचं की पिवळ्या?

तुमची,
हेरिम

•

चंगदो,
९ जून

हेरिम,

पांढऱ्या गराचं. पिवळी पीचं आपल्याकडे फार उशिरा आली. एवढंही माहीत नसताना कादंबरी लिहायला बसलीस.

गठ्ठा मिळाला. एवढं जाड कशाला लिहायचं? पोस्टमन म्हणाला, "आजी, विटा मागवल्यात का?" छातीवर ठेवून वाचता येत नाही, श्वास अडकतो.

चुका सांगते. पान पाच, माझी आई हात आखडता घेऊन वाढायची असं लिहिलंयस. तिच्याकडे होतंच काय वाढायला? पान आठ, माशाचं तोंड पूर्वेला हवं. पान अकरा, मी चौदा वर्षांची असताना लठ्ठ नव्हते.

पान चौदा काढून टाक.

ते तुला कुणी सांगितलं? खरं लिही. बुसानचं कुणी तुला भेटलं का? "मनाने घातलं" वगैरे मला सांगू नकोस. चाळीस वर्षं बायकांचे केस कापले आहेत मी. खुर्चीत बसलेली बाई केव्हा खोटं बोलते ते मला मागून कळतं.

लसणाचं लोणचं पाठवतेय. बरणी परत कर.

आत्या

•

सोल,
१४ जून

आत्या,

लोणचं पोचलं. अर्धं संपलंसुद्धा.

माशाचं तोंड फिरवलं. तुम्हाला बारीकही केलं. पण पान चौदा का काढू? तुम्हाला तो मेलेल्या माणसाचा अपमान वाटला असेल तर मी वाकून माफी मागते. पण आत्या, माझ्या मनात अपमान नव्हता. लहानपणी श्राद्धाच्या वेळी दार उघडं ठेवायचे, तेव्हा मला दरवर्षी वाटायचं, आजोबा खरंच आत आले तर? कोणती चप्पल घालून येतील? आधी कुणाशी बोलतील? ते वाटणंच मी लिहिलं. बुसानला माझ्या ओळखीचं कुत्रंही नाही. कोण आहे तिथे?

आणि एक गोष्ट घडली. बाबांना धीर निघेना, म्हणून मी ते पान त्यांना फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, खो खो हसतील. ते गप्पच. मग एवढंच विचारलं, "हे आत्याने वाचलं?" मी हो म्हटलं. "काय म्हणाली?" मी म्हटलं, रागावल्या. तर "बरं" म्हणून फोन ठेवला. मार्चमध्ये त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते असे मधूनच गप्प होतात, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

पान राहू द्या ना.

हेरिम

•

चंगदो,
२२ जून

हेरिम,

तू ते पान तुझ्या बापाला, थेसिकला, वाचून दाखवलंस हे वाचलं आणि मी हातातली सुरी ठेवून लिहायला बसले. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. बारीक तुकडे कर.

तू मनाने घातलंस ते घडलेलं आहे.

सत्तावन्न साल. श्राद्ध होऊन दुसरी सकाळ. आई शेजारी वाटायची भोपळ्याची धिरडी बांधत होती. फाटकातून एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. बाप गेला तेव्हा मी सात वर्षांची होते, चेहरा मला आठवत नव्हता. त्याने टोपी काढली तेव्हा मी कान ओळखले. आपल्या ग्वाक घराण्याचे कान, डोक्यापासून दूर उभे राहिलेले. तुझेही तसेच आहेत, केसांनी झाकतेस ते.

आईने मान वर केली. रडली नाही, ओरडली नाही. आधी थेसिकच्या हातात किटली दिली. तो तेव्हा आठ वर्षांचा. "गुत्त्यावर जा, तांदळाची दारू आण. पाहुणे आलेत. सावकाश ये, सांडू नकोस." तो गेल्यावर त्या माणसाला म्हणाली, "बसा. कालचं आहे, गरम करून देते. तुमच्यासाठीच केलं होतं."

तो बसला आणि जेवला. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. "मासा छान झालाय," म्हणाला.

आई म्हणाली, "मेलेल्या माणसाला चव कळते वाटतं."

तो हसला. हेरिम, त्याचं हसू चांगलं होतं, तेच मला सहन झालं नाही. मग त्याने खाली बघत सांगितलं. डोंगरावरून तो पळाला होता. बुसानला गेला. तिथे एक बाई होती, एक मुलगी झाली होती, नूडल्सचं दुकान होतं. "तू वाट बघत बसू नयेस म्हणून सांगायला आलो," म्हणाला.

"वाट कुठे बघतेय?" आई म्हणाली. "तुम्हाला जेवायला घालतेय. गाव तुमच्यासाठी रडून मोकळं झालं. माझा पोरगा शाळेत सांगतो, माझे वडील लढाईत गेले. आता जिवंत होऊन त्याला खोटं पाडू नका. जेवण झालं की उठा."

तो उठला. थेसिक परत यायच्या आत गेला.

पुढच्या वर्षी चौरंगावर पीच आलं. मी म्हटलं, "आई, हे ठेवलं तर बाबा येणार नाहीत." ती म्हणाली, "म्हणूनच."

आजोबांना पीच आवडायचं हे मी रचलं. थेसिक सारखा विचारायचा, आपल्याकडेच पीच का? पोराला काय सांगणार? तेव्हा या घरातली पहिली कादंबरी मी लिहिली आहे, तू नाही. आणि माझ्या कादंबरीला सहासष्ट वर्षांत कुणी खोटी म्हटलं नाही.

त्र्याऐंशी साली बुसानची ती मुलगी माझ्या दुकानात आली. केस कापून घेतले आणि आरशात बघत सांगितलं की हिवाळ्यात वडील गेले. कान झाकतील असे काप म्हणाली. मी आईला येऊन सांगितलं. म्हटलं, आता खरी तिथी कळली, श्राद्ध त्या दिवशी करू या. आई म्हणाली, "ती त्यांची तिथी. आपल्याकडून ते ज्या दिवशी गेले, ती आपली." त्या वर्षीही तिने पीच ठेवलं. पण लहान ठेवलं.

आता ऐक. थेसिकला यातलं काही माहीत नाही. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं त्याने, आणि दर जूनमध्ये, युद्धाच्या स्मरणदिनाला, प्रत्येक वर्गाला बापाची गोष्ट सांगितली. पोरं रडायची. माझा भाऊ त्या गोष्टीवर उभा आहे. पंच्याहत्तराव्या वर्षी, छातीत दोन नळ्या बसवलेल्या असताना, त्याला कळू दे का की बाप नूडल्स विकत होता? तुझं पुस्तक एक वर्ष चालेल. मला भाऊ एकच आहे.

पान चौदा काढ. मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

आत्या

•

सोल,
३० जून

आत्या,

पत्र फाडलं. आधी चार वेळा वाचलं.

पान चौदा काढते. खरं तर सगळं सातवं प्रकरणच काढते. खरं काय ते कळल्यावर पीचची ती गोड गोष्ट माझ्याच्याने छापवणार नाही. आणि खरी गोष्ट छापायची नाही. मग उरलं काय? माशाचं तोंड.

संपादिकेला सांगितलं. ती म्हणाली, "मग कादंबरीला पोटच उरत नाही." मी म्हटलं, नसेना का.

बाबांना फक्त एवढंच कळवलंय की आत्याला नको आहे म्हणून ते प्रकरण गाळतेय. त्यांनी काही विचारलं नाही. तुम्ही निश्चिंत असा.

एकच सांगते. आजी म्हणाली "तुमच्यासाठीच केलं होतं", ते मला कधीच सुचलं नसतं. माझ्या पानावर ती त्यांना लाटण्याने मारते.

बरणी पाठवली आहे. आत सुकी समुद्री पालेभाजी भरली आहे.

हेरिम

•

देगू,
८ जुलै

चि. हेरिम,

तुला हे माझं पहिलंच पत्र असावं. कॉलेजात असताना तू मला पत्रं लिहायचीस आणि मी त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचो. ते पत्र धरलं जात नाही असं तुझी आई म्हणायची.

तू आत्याच्या सांगण्यावरून प्रकरण गाळते आहेस, म्हणजे तिने तुला त्या सकाळचं सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असणार. हे तिच्या स्वभावाला धरून आहे. मी आता जे लिहितो ते तिच्या कानावर घालू नकोस. ते काम माझं आहे.

त्या सकाळी किटली भरून मी परत निघालो, तेव्हा तो माणूस मला ओढ्यावरच्या पुलावर भेटला. "किटलीत काय आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी दारू." तो म्हणाला, "पाहुणा गेला. त्याच्या वाटचा घोट मला दे." मी किटली पुढे केली. त्याने विचारलं, "नाव काय तुझं?" "थेसिक." "कुणी ठेवलं?" "बाबांनी. ते लढाईत गेले." तो बराच वेळ किटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिला. मग टोपी काढून घाम पुसला. शाळेत ज्या कानांवरून मला चिडवायचे, ते कान मला त्याच्या डोक्याला दिसले.

"नाव चांगलं ठेवलंय," तो म्हणाला आणि गेला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "किटली अर्धी कशी?" मी म्हणालो, "सांडली." एरवी तिने पाठीत धपाटा घातला असता. त्या दिवशी नाही घातला. तेव्हाच मला कळलं की तिला माहीत आहे. तिला हे कळलं का, की मलाही माहीत आहे, ते मी कधी विचारलं नाही.

आत्याने मला पीचची गोष्ट सांगितली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. सांगताना ती इतकी खूश होती की मला वाटलं, तिचा त्यावर विश्वास आहे. आईचं वडिलांवर प्रेम होतं असं एका माणसाला तरी वाटत राहू दे, म्हणून मी मान डोलावली. आता तुझ्यामुळे कळतं आहे की तीही माझ्यासाठीच ती गोष्ट रचत होती. पंच्याहत्तरावं वर्ष आणि एक्क्याऐंशीवं वर्ष. दोघांत मिळून अक्कल किती, तूच ठरव.

वर्गात मी कधी खोटं बोललो नाही. "वडील लढाईत मेले" असं मी कधीच म्हणालो नाही. "गेले आणि परत आले नाहीत" असं म्हणायचो. पुलावरून गेल्यावर ते परत आले नाहीत, हे खरंच आहे.

आता मुख्य गोष्ट. नव्याण्णव साली आई रुग्णालयात होती. आत्या तिचे कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "मी गेले की त्याच्या चौरंगावरचं पीच काढ. येऊ दे त्याला. मला त्याच्याशी बोलायचंय." मी विचारलं, "काय बोलायचंय?" ती म्हणाली, "ते मी तुला कशाला सांगू?"

मी ते काढलं नाही. काढलं असतं तर आत्याने कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर तिची गोष्ट मोडली असती. म्हणून पंचवीस वर्षं मी दर उन्हाळ्यात बाजारातून स्वतःच्या हाताने पीच निवडून आणलं. आता बघ काय केलं मी. आई गेल्यापासून वडिलांच्या श्राद्धाला आपण दोघांना मिळून वाढतो. दोन वाट्या भात, दोन चमचे. पीच काही माणूस बघून अडवत नाही. त्यांना अडवता अडवता मी आईलाही पंचवीस वर्षं दारातून परत पाठवली. तिचं श्राद्ध हिवाळ्यात येतं, तेव्हा पीच नसतं. म्हणजे ती बिचारी येत असणार, पण तेव्हा एकटीच.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मला भूल देत होते तेव्हा मनात हेच होतं. वर गेलो तर आईला काय तोंड दाखवू?

तुझ्या संपादिकेला सांग, दहा ऑगस्टपर्यंत थांब. मी आयुष्यात कुणाला मुदत वाढवून दिलेली नाही, पण मागायला हरकत नाही. दोन ऑगस्टला तिथी आहे. आत्या येईल. मी बोलेन.

पान चौदा: वडिलांनी तीन वाट्या भात खाल्ला असं तू लिहिलं आहेस. मला शंका आहे. पुलावर त्यांचा आवाज भुकेल्या माणसाचा होता.

बाबा

•

सोल,
१२ जुलै

बाबा,

संपादिका दहा ऑगस्टपर्यंत थांबते म्हणाली. तुमच्या पत्रात मला एकही चूक सापडली नाही. लाल पेन हातात धरून बसले होते.

हेरिम

•

चंगदो,
४ ऑगस्ट

हेरिम,

तुला ताप आला म्हणून तू आली नाहीस. नेमका याच वर्षी आला. भात मऊ करून खा.

तू आणि तुझा बाप दोघांनी मला काही सांगितलं नाही हे लक्षात ठेवलंय. पुढच्या बरणीबरोबर वसूल करेन.

मी दुपारच्या गाडीने देगूला गेले. तुझा गठ्ठा बरोबर नेला होता, थेसिककडे ठेवून यायचा म्हणून. त्याच्या नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत खांदा उतरला. चौरंग मांडून झाला होता. मासा बरोबर, फळं बरोबर, सालं बरोबर काढलेली. पुढच्या रांगेत मधोमध भोक.

मी म्हटलं, "पीच कुठंय?"

थेसिक म्हणाला, "खाल्लं."

"श्राद्धाच्या आधी? लाज नाही वाटली?"

"ताई, बस जरा."

मी बसले. त्याने सांगितलं. पूल, किटली, आईचं रुग्णालयातलं बोलणं, सगळं. मास्तर आहे ना, क्रमाने सांगितलं. मला सगळं ऐकू आलं, एकही शब्द सुटला नाही. डॉक्टरला सांगायला हवं.

मग मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "किटली सांडली म्हणे!" तो म्हणाला, "छातीला जप, नळ्या आहेत." मी म्हटलं, "म्हणून तर पाठीत घातला." आणि मग हेरिम, आम्ही दोघं हसायला लागलो. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं भांडतोय. चौरंगापुढे असं हसू नये, पण थांबेचना. सदुसष्ट वर्षं मी त्याला सांभाळलं आणि तो मला सांभाळत होता, आणि दोघांच्या मधे आई दारात उभी.

सात वाजता उदबत्ती लावली. थेसिकने दोन्ही वाट्यांत चमचे उभे केले. दार उघडायला गेला तर ते राहीना. या इमारतीतली दारं आपोआप मिटतात, आणि खालचा अडसर तुटलेला. त्याने चप्पल लावली, चप्पल सरकली. दोनदा मिटलं. मी म्हटलं, "अरे, लवकर कर, ते दोघं लिफ्टमध्ये असतील आणि तू तोंडावर दार आपटशील." तुझी आई म्हणाली, "ताई, असं बोलू नका हो." पण तिनेही लिफ्टकडे बघितलंच.

मग थेसिकने इकडेतिकडे बघितलं आणि तुझी कादंबरी उचलून दाराखाली सरकवली.

आम्ही वाकून नमस्कार केला. रीतीप्रमाणे पुरुष म्हणून तो दोनदा, बाई म्हणून मी चारदा. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईने विचारलं, "आजी, दार उघडंच राहिलंय का?" मी म्हटलं, "मुद्दाम ठेवलंय, माणसं यायची आहेत."

पान चौदा राहू दे. मात्र आईच्या हातातलं लाटणं काढ आणि ती जे म्हणाली तेच लिही. भात दीड वाटी होता, मी वाढला होता. आणि पान पंधरावर तू लिहिलंयस की जाताना त्याने मागे वळून बघितलं नाही. बघितलं होतं, फाटकापाशी, एकदा. हे मी आईलाही कधी बोलले नव्हते.

पूर्ण वेळ दार हललं नाही. जाड लिहिलंस ते बरं केलंस.

आत्या